माइनक्राफ्टमध्ये कलादालन: आधी चित्र, मग भिंत

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग रचायच्या संगणकीय खेळात कलादालन उभारायला घेणारा माणूस बहुधा आधी इमारत बांधतो आणि आत काय मांडायचे याचा विचार मागाहून करतो. पहिल्या खेपेला मीही तेच केले. साठ बाय साठ ठोकळ्यांचे दालन, दहा ठोकळे उंच छत, चारी कोपऱ्यांत खांब असा सारा थाट दोन शनिवार-रविवार घालवून उभा केला आणि चित्रे लावायची वेळ आली तेव्हा ती त्या अवाढव्य भिंतींवर पाकिटावरच्या तिकिटांसारखी दिसू लागली. शेवटी दालन पाडले. पाडायलाही जवळजवळ तेवढाच वेळ गेला. पुढच्या खेपेला मात्र चित्रे आधी निवडली आणि प्रत्येक भिंत तिच्यावरच्या चित्राच्या मापाने बांधली. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका उलटापालटीतून आलेली आहे.

स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीचा हा खेळ १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण स्वरूपात बाहेर आला. त्याच्या क्रिएटिव्ह मोडमध्ये भूक नाही, मरण नाही, ठोकळ्यांचा तुटवडा नाही आणि खेळाडूला उडता येते. त्यामुळे दिवसभराच्या कामानंतर तासभर शांतपणे काहीतरी रचत बसण्यासाठी याहून सोयीचा खेळ मला सापडलेला नाही. हा मुलांचा खेळ आहे अशी समजूत असली तरी कलासंस्थांनी त्याचा गंभीरपणे उपयोग केलेला आहे. लंडनच्या टेट संग्रहालयाने २०१४ मध्ये आपल्या संग्रहातील चित्रांवरून माइनक्राफ्टची जगे तयार करवून घेतली. आंद्रे दरँ याने रंगवलेल्या टेम्स नदीवरील बंदराच्या चित्रात खेळाडू शिरतो आणि त्या भडक रंगांमधून फिरतो. मार्च २०२० मध्ये ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने सेन्सॉर झालेल्या पत्रकारितेचे एक भव्य ग्रंथालय याच खेळात खुले केले, ज्यासाठी सव्वा कोट ठोकळे लागले. आपल्याला एवढे काही करायचे नाही. नऊ ते बारा कलाकृतींचे, पाच मिनिटांत पाहून होईल असे दालन पहिल्या प्रयत्नाला पुरेसे आहे.

जग तयार करताना

नवे जग सुरू करताना क्रिएटिव्ह मोड, सपाट भूभाग आणि पीसफुल ही शत्रू नसलेली काठिण्यपातळी निवडावी. पीसफुल न निवडल्यास सपाट जगात स्लाइम नावाचे हिरवे, लिबलिबीत प्राणी टणाटण उड्या मारत दालनाभोवती फिरतात आणि शांततेची वाट लागते. त्यानंतर वेळ मध्यान्हाची लावावी आणि दिवस-रात्रीचे चक्र थांबवावे. पाऊसही बंद करावा. मध्यान्हाचा प्रकाश निवडायचे कारण असे की त्या वेळी आकाशातून येणारा उजेड सर्वाधिक असतो आणि काचेच्या छताखालच्या ठोकळ्यांचे रंग आहेत तसे दिसतात. प्राण्यांची उत्पत्तीही थांबवता येते. मी दारापाशी एक मांजर मात्र मुद्दाम ठेवले आहे.

काय मांडायचे

खेळात मांडण्याजोग्या गोष्टी चार प्रकारच्या आहेत: खेळातली तयार चित्रे, आयटम फ्रेममध्ये लावलेल्या वस्तू, जमिनीवर उभ्या करायच्या आकृती आणि आपण स्वतः रचलेले नकाशे. यांतल्या तयार चित्रांकडे बरेच जण घरसजावटीचा भाग म्हणून पाहतात, पण त्यांतली मूळची चित्रे क्रिस्टोफर झेटरस्ट्रँड या स्वीडिश चित्रकाराच्या कामांवरून घेतलेली आहेत आणि जून २०२४ मध्ये आलेल्या १.२१ या आवृत्तीत आणखी २० नव्या चित्रांची भर पडली. संगणकावर चालणाऱ्या जावा आवृत्तीच्या क्रिएटिव्ह यादीत आता प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे निवडता येते. जिथे ती सोय नाही तिथे भिंतीवर कोणते चित्र येईल ते खेळच ठरवतो. मोकळ्या जागेत मावेल असे एखादे चित्र तो टाकतो. यावर जुना उपाय असा, की हव्या त्या मापाची जागा सोडून भोवती तात्पुरते ठोकळे लावावेत, म्हणजे त्या मापाबाहेरचे चित्र येऊच शकत नाही, आणि मनासारखे येईपर्यंत चित्र काढून पुन्हा लावत राहावे. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण मला ते पत्ते पिसण्यासारखे वाटते. कधी कधी आपण मागितलेले नसलेले चित्रच त्या जागी अधिक शोभते.

उभ्या आकृतींसाठी आर्मर स्टँड, म्हणजे चिलखत चढवायचा लाकडी सांगाडा, उपयोगी पडतो. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत वाकून त्याला स्पर्श केला की तो दर वेळी नवी ढब घेतो. जावा आवृत्तीत टंकून द्यायच्या आज्ञा (कमांड) न वापरता हे जमत नाही. २०२३ च्या १.२० आवृत्तीत उत्खनन आले आणि त्याबरोबर खापरांचे तुकडे जोडून बनवायची नक्षीदार मडकीही आली. एका मडक्याच्या चार बाजूंना चार वेगळी चित्रे लावता येतात, म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवू नये. मध्यभागी चौथऱ्यावर ठेवून सभोवार तीन ठोकळे जागा सोडावी, म्हणजे पाहणाऱ्याला त्याची प्रदक्षिणा घालता येते.

उंची आणि अंतर

बहुतेकांची दालने इथेच फसतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. खेळातला एक ठोकळा म्हणजे एक मीटर, आणि उभ्या खेळाडूचे डोळे जमिनीपासून १.६२ मीटरवर असतात. प्रत्यक्षातल्या कलादालनांत चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर यावा असा प्रघात आहे. एक ठोकळा उंचीचे चित्र खालून दुसऱ्या ठोकळ्यावर लावले तर त्याचा मध्य नेमका दीड मीटरवर येतो, म्हणजे तिथे काही करावे लागत नाही. दोन ठोकळे उंच चित्राची मात्र पंचाईत होते. ते जमिनीलगत लावले तर मध्य एक मीटरवर येतो आणि चित्र बसलेले वाटते. एक ठोकळा वर घेतले तर मध्य दोन मीटरवर जातो आणि मान वर करावी लागते.

यावरचा उपाय चित्रात नसून जमिनीत आहे. त्या खोलीची फरशी अर्ध्या ठोकळ्याने, म्हणजे स्लॅब टाकून, उंच करावी. आता दुसऱ्या ठोकळ्यापासून सुरू होणाऱ्या दोन ठोकळे उंच चित्राचा मध्य पायांपासून बरोबर दीड मीटरवर येतो. अर्ध्या ठोकळ्याची पायरी चढायला उडी मारावी लागत नाही, खेळाडू चालता चालताच वर येतो, आणि एका खोलीतून दुसरीत जाताना जो किंचित चढ लागतो त्यामुळे खोली बदलल्याची जाणीवही आपोआप होते. थोडक्यात, लहान चित्रांच्या खोल्या मूळ जमिनीवर आणि मध्यम चित्रांच्या खोल्या स्लॅबवर असाव्यात. दोन्ही मापे एकाच खोलीत कोंबू नयेत.

चार बाय चारच्या मोठ्या चित्रांना उंचीपेक्षा अंतर महत्त्वाचे असते. तयार चित्रात एका ठोकळ्याच्या रुंदीत फक्त १६ ठिपके असतात, त्यामुळे दोन-तीन पावलांवरून नुसते रंगीत चौकोन दिसतात आणि आठ-दहा ठोकळे मागे गेल्यावर ते चौकोन एकमेकांत मिसळून चेहरा किंवा डोंगर होतात. म्हणून मोठ्या चित्रासमोर किमान आठ ठोकळे मोकळी जागा असावी आणि शक्यतो पाहणारा त्याच्याकडे लांबूनच, सरळ रेषेत चालत यावा. नकाशाचे गणित याच्या नेमके उलट आहे. नकाशा फ्रेममध्ये लावला की एका ठोकळ्यात १२८ ठिपके मावतात, म्हणजे तो तयार चित्राच्या आठपट बारीक असतो, आणि लांबून त्यातले काहीच कळत नाही. नकाशांची जागा तीन ठोकळे रुंदीच्या बोळात असावी, जिथे पाहणाऱ्याला मागे सरकता येत नाही आणि भिंतीजवळ जावेच लागते. रुंद दालन आणि अरुंद बोळ यांची ही आलटून पालटून येणारी मांडणी ठरली की इमारतीचा नकाशा जवळजवळ पुरा होतो. भिंती त्यानंतर उभ्या कराव्यात.

भिंतीच्या रंगाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पांढरे काँक्रीट सगळे वापरतात, पण मध्यान्हाच्या उजेडात ते पडद्यावर डोळ्यांना टोचते आणि फिकट चित्रे त्यापुढे मळकी दिसतात. फिक्या करड्या काँक्रीटवर तीच चित्रे खुलतात. लोकर टाळावी, कारण तिची वीण चित्राशी भांडते.

उजेड

खेळातला दिवा झोत टाकत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुष्कळ वेळ वाचतो. प्रकाशाची कमाल पातळी १५ असते आणि उगमापासून दर ठोकळ्याला ती एकने घटत सगळ्या दिशांना सारखी पसरते. त्यामुळे चित्राच्या वर दिवा लावला म्हणून फक्त चित्र उजळत नाही, शेजारची भिंतही उजळते. चित्र उठून दिसायचे असेल तर त्याला अधिक उजेड देण्याऐवजी इतर जागेचा उजेड काढून घ्यावा लागतो. अजिंठ्याच्या लेण्यांत शिरल्यावर आधी अंधार दिसतो, मग डोळे सरावतात आणि भिंतीवरचे रंग हळूहळू वर येतात; पडद्यावर डोळे असे सरावत नाहीत, म्हणून हा परिणाम बांधकामातूनच साधावा लागतो. प्रवेशाच्या वाटेवर मेणबत्त्या ठेवाव्यात, ज्यांची पातळी एका मेणबत्तीला ३ आणि चार एकत्र लावल्या तर १२ असते, मग वाटेला एक काटकोनी वळण द्यावे आणि वळणापलीकडे छतात ग्लोस्टोन किंवा सी लँटर्न हा उजेड देणारा ठोकळा बसवावा. वळणामुळे तो उजेड आधी कळत नाही आणि पाहणारा अर्धवट अंधारातून एकदम चित्रासमोर येतो. जमिनीतून उजेड हवा असेल तर ग्लोस्टोनवर गालिचा अंथरावा. गालिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि दिवा मात्र दिसत नाही. बाहेरचे दिसावे पण उजेड आत येऊ नये अशा खोलीला टिंटेड काच लावावी.

चमकत्या आयटम फ्रेममधली वस्तू काळोखातही उजळ दिसते. ही फ्रेम जपून वापरावी. प्रत्येक नकाशाला लावली तर दालनाचे मोबाइलचे दुकान होते.

नकाशावर वारली

दालनात निदान एक कलाकृती आपली स्वतःची असावी असे मला वाटते, आणि त्यासाठी नकाशा हेच साधन आहे. सर्वांत लहान प्रमाणाचा नकाशा जमिनीवरचा एक ठोकळा म्हणजे एक ठिपका या हिशेबाने रंगतो. जमिनीवर १२८ बाय १२८ ठोकळ्यांचे चित्र रचून, नकाशा हातात धरून त्यावरून फिरले की चित्र नकाशात उतरते. मी वारली निवडली, कारण तिची माणसे टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची असतात आणि त्रिकोण, वर्तुळ व बारीक रेघ एवढ्या सामग्रीत ठोकळ्यांची कसरत होत नाही. तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती वळत जाणारी नर्तकांची साखळी हे दृश्य या चौकोनात छान बसते.

आधी नकाशाची हद्द शोधावी, हे मी ठळकपणे सांगतो, कारण माझे पहिले चित्र हद्द न पाहता रचल्यामुळे निम्मे एका नकाशात आणि निम्मे शेजारच्या नकाशात गेले होते. आपण उभे आहोत तिथून नकाशा सुरू होत नाही. जगाची वाटणी आधीच ठरलेल्या चौकोनांत झालेली असते आणि जावा आवृत्तीत जगाच्या मध्यावरचा चौकोन दोन्ही अक्षांवर उणे ६४ पासून ६३ पर्यंत असतो. नकाशा हातात धरून त्यावरची आपली खूण कडेला टेकेपर्यंत चालावे आणि चारही कोपऱ्यांवर एकेक खांब रोवावा. मग जमीन अंथरावी. १२८ गुणिले १२८ म्हणजे १६,३८४ ठोकळे होतात, आणि फिल ही आज्ञा एका वेळी ३२,७६८ ठोकळे भरते, म्हणून मध्यभागी उभे राहून एकाच आज्ञेत सगळी जमीन होते. गेरूच्या रंगासाठी लाल टेराकोटा वापरावा. तांदळाच्या पिठाच्या रेघांसाठी पांढरे काँक्रीट घ्यावे. पांढरा टेराकोटा नावाने पांढरा असला तरी नकाशावर गुलाबट उतरतो.

एक नर्तक मी ११ ओळींत बसवला: डोक्याला दोन ओळी, मानेला एक, मग पाच, तीन, एक, तीन, पाच ठोकळ्यांच्या पाच ओळी म्हणजे दोन्ही त्रिकोण, आणि शेवटच्या तीन ओळी पायांच्या. साखळी गोल फिरत असल्याने प्रत्येक नर्तक वेगळ्या कोनात झुकायला हवा, पण ठोकळ्यांत मनमानी कोन चालत नाहीत, रेघा तुटक होतात. म्हणून आठ दिशांसाठी आठच आकृती चौकटीच्या वहीत काढून घेतल्या आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरल्या. बत्तीस नर्तकांना अकरा संध्याकाळी लागल्या. मला घाई नव्हती.

रचताना पांढरा ठोकळा लाल ठोकळ्याच्या जागी बसवायचा असतो, वर ठेवायचा नसतो. नकाशा प्रत्येक ठोकळ्याच्या उंचीची उत्तरेकडच्या ठोकळ्याशी तुलना करतो. उंच असला तर रंग उजळ होतो, खाली असला तर गडद. माझ्याकडून एका कोपऱ्यात चार नर्तक लाल थरावरच रचले गेले आणि नकाशात त्यांच्या पांढऱ्या रेघांखाली एक गडद किनार उमटली, जणू पिठाचा लेप भिंतीवरून किंचित वर आलेला आहे. ते मला इतके आवडले की तारपावाला मुद्दाम तसाच रचला, बाकीचे सपाट ठेवले. याच नियमामुळे सगळे चित्र भोवतालच्या जमिनीहून एक थर उंच असेल तर वरच्या कडेला एक उजळ ओळ येते; ती नको असल्यास हद्दीच्या उत्तरेला बाहेर त्याच उंचीची आणखी एक ओळ टाकावी.

नकाशा पूर्ण झाल्यावर कार्टोग्राफी टेबलावर काचेच्या पातळ पट्टीबरोबर ठेवून तो कुलूपबंद करावा. त्यानंतर खालचे चित्र मोडून तिथे दुसरे रचले तरी नकाशा बदलत नाही. माझा वारली नकाशा मी पॅक्ड मडच्या, म्हणजे गवत मिसळलेल्या चिखलाच्या, भिंतीवर लावला आहे. कुडाच्या भिंतीच्या सर्वांत जवळ जाणारा ठोकळा मला तोच वाटला.

पाट्या आणि पाहुणे

पाटीवर चार ओळी मावतात आणि त्या पुरेशा आहेत: नाव, कोणी केले, कधी, किती ठोकळे. पाटी चित्राच्या त्या बाजूला असावी जिथून पाहणारा पुढे निघतो, म्हणजे आधी चित्र पाहिले जाते आणि वाचन नंतर होते. सविस्तर मजकूर लिहायचा असेल तर प्रवेशद्वारापाशी लेक्टर्नवर, म्हणजे वाचनाच्या उतरत्या मेजावर, पुस्तक ठेवावे; ज्याला हवे तो पाने उलटेल. संगीताची वेगळी सोय करू नये, खेळातले मूळचे संगीत पुरेसे संथ आहे आणि मधल्या शांततेसह ते दालनाला शोभते.

बेडरॉक आवृत्तीत मित्रांना बोलावताना त्यांना ‘व्हिजिटर’ ही परवानगी द्यावी, म्हणजे त्यांच्या हातून काही तुटत नाही. ते आत असताना आपण बोलू नये, फक्त ते कुठे थांबतात आणि कुठून नुसते निघून जातात ते पाहावे. माझी भाची पहिल्यांदा आली तेव्हा मी ज्याच्यासाठी आठ ठोकळ्यांची मोकळी जागा सोडली होती त्या मोठ्या चित्रासमोरून सरळ चालत गेली आणि बोळाच्या टोकाशी असलेल्या खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिली. खिडकीबाहेर काही नव्हते, नुसते सपाट गवत होते. त्याच संध्याकाळी मी खिडकीशेजारचे छोटे चित्र काढले आणि खिडकी एक ठोकळा रुंद केली.